खळ्यावरची पेंढी : भेट, पगार की आणखी काही?

पाटसच्या आमच्या अभ्यासवर्गात समाजशास्त्राच्या एम.ए.ला असलेल्या एका मुलाने मध्यंतरी एक प्रश्न विचारला. 'आर्थिक मानवशास्त्र' हा त्याचा प्रबंधाचा विषय. त्याने प्रशांत महासागरातल्या बेटांवर शिंपल्यांच्या माळा एकमेकांना कशा दिल्या जातात ते वाचले होते, भेटवस्तूचा सिद्धांतही वाचला होता. तो म्हणाला, "दादा, माझ्या आज्याला सुगीत खळ्यावर जी पेंढी मिळायची, ती भेट होती की पगार? आणि हे कुठल्या पुस्तकात सापडेल?" आपल्या भागावर साहित्य उपलब्ध नाही, दुसरा विषय घे, असे त्याला मार्गदर्शकांनी सांगितले होते.

साहित्य नाही हे खरे नाही. आपल्या पुणे जिल्ह्याएवढे गावाच्या अर्थव्यवहाराचे कागद फार थोड्या जिल्ह्यांचे असतील. अडचण वेगळी आहे. ते कागद ज्यांनी लिहिले त्यांच्या लेखी आपण हिशेबातली एक ओळ होतो. ती ओळ शोधायची कुठे आणि वाचायची कशी, हे सांगण्यासाठी हा लेख.

शास्त्र काय सांगते

माणसे कसतात, वाटून घेतात, देतात, घेतात, आणि हे सगळे केवळ बाजारभावाने होत नाही, हा आर्थिक मानवशास्त्राचा पाया आहे. मालिनोव्स्की यांचे ट्रोब्रिअंड बेटांवरचे पुस्तक १९२२ सालचे. भेट दिली की परतफेडीचे बंधन येते, हे सांगणारा मार्सेल मॉस यांचा निबंध १९२५ चा. कार्ल पोलान्यी यांनी १९४४ साली मांडले की बाजार ही मानवी व्यवहाराची एकच तऱ्हा नव्हे, परस्पर देवाणघेवाण आणि एका ठिकाणी गोळा करून पुन्हा वाटप या त्याहून जुन्या तऱ्हा आहेत. १९५७ साली पोलान्यी आणि सहकाऱ्यांनी काढलेल्या संग्रहात वॉल्टर नील यांनी भारतीय खेड्यातली धान्याची रास हे याच वाटपाचे उदाहरण म्हणून घेतले. त्याआधी, १९३६ साली, विल्यम वायझर यांनी उत्तर प्रदेशातल्या एका गावावरून 'जजमानी' हा शब्द अभ्यासात रुजवला होता.

हे सगळे वाचावेच. पण वाचताना एक प्रश्न खिशात ठेवावा. देवाणघेवाण म्हणायची तर दोन्ही बाजूंना 'नाही' म्हणता आले पाहिजे. खळ्यावर ज्याच्या सावलीचाही विटाळ होत होता, ज्याने पेंढी वरून टाकलेली झेलायची होती, त्याला नाही म्हणता येत होते का? ज्या सिद्धांतात हा प्रश्नच येत नाही, त्या सिद्धांतात आपला आजा बसणार नाही.

बाबासाहेब या शास्त्राच्या दारातच उभे होते

आपल्यातल्या अनेकांना वाटते, मानवशास्त्र ही परक्यांची विद्या. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी जातींच्या उगमावरचा निबंध वाचला. तेव्हा ते मुख्यत्वे अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते. १९१८ साली त्यांनी भारतातल्या लहान शेतधारणेवर निबंध लिहिला. तुकडे जोडून शेती सुधारणार नाही, जमिनीवर बसलेला जादा माणसांचा भार उद्योगांकडे वळवला पाहिजे, असे त्यांनी त्यात दाखवले. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ आला, १९२५ साली प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा.

एकाच माणसाने जात, जमीन आणि पैसा हे तिन्ही विषय हाताळले. म्हणून पुढे वतनाचा प्रश्न हाती घेताना त्यांनी दयेची भाषा वापरली नाही, हिशेब मांडला. आर्थिक मानवशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलांनी सुरुवात इथून करावी. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेल्या इंग्रजी खंडांपैकी पहिल्यात १९१६ आणि १९१८ चे दोन्ही निबंध आहेत, दुसऱ्यात कायदेमंडळातली भाषणे, सहाव्यात अर्थशास्त्रीय ग्रंथ.

आज्याचा मालक कोण होता?

आता पेंढीकडे येऊ. जजमानीत एक घर दुसऱ्या घराशी बांधलेले असते, म्हणजे अमक्या कुणब्याचा अमका न्हावी. महाराष्ट्रातले बलुते तसे होते का? हा प्रश्न जपानी इतिहासकार हिरोशी फुकाझावा यांनी पेशवेकालीन कागदांवरून सोडवला. १९७२ सालच्या निबंधात त्यांनी दाखवले की इथला बलुतेदार एका घराचा नोकर नव्हता, तो अख्ख्या गावाचा होता. त्याला वतन गावाने दिलेले, वाटा गावाच्या उत्पन्नातला, आणि चाकरीही गावाची.

वरवर हा अभ्यासकांमधला वाद वाटतो. आपल्यासाठी तो जगण्यामरण्याचा मुद्दा आहे. मालक एक घर असेल तर ते घर सोडून दुसरे धरता येते. मालक अख्खे गाव असेल तर कोणाला सोडायचे? एका पाटलाशी भांडण झाले तर साऱ्या गावाचे खळे बंद होते.

फुकाझावांनी वापरले त्या जातीचे कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात, पेशवे दफ्तरात आहेत. गावझाडे, ताळेबंद, वतनाच्या तंट्यांचे महजर, सगळे मोडीत. म्हणून आमचा आग्रह आहे की प्रत्येक तालुक्यातल्या दोन-तीन मुलामुलींनी तरी मोडी शिकावी. लिपी येत नाही तोवर दुसऱ्याने निवडून छापलेलेच आपण वाचत राहणार. आणि निवडणाऱ्याच्या नजरेत लढाया असतात, हाडकी-हाडोळा नसतो.

मोडी येईपर्यंत एक सोपे साधन आहे, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ ची दुसरी आवृत्ती. 'बलुतेदार' हा शब्द काढून बघा. बलुतेदारांच्या तीन कासा दिल्या आहेत, म्हणजे वाट्याच्या तीन प्रती. थोरल्या कासेत सुतार, लोहार, महार, मांग. मधल्यात कुंभार, चांभार, परीट, न्हावी. धाकटीत भट, मुलाणा, गुरव, कोळी. गावोगाव ही यादी थोडी बदलते. पण विचार करा, कामाच्या गरजेनुसार महार-मांग पहिल्या ओळीत आणि भट शेवटच्या ओळीत. शेतीच्या हिशेबात ज्यांच्यावाचून अडत होते त्यांनाच वेशीबाहेर ठेवले. अस्पृश्यता ही कामाच्या कमी मोलातून आली असे कोणी सांगितले तर ही यादी पुढे करावी. काम पहिल्या प्रतीचे असूनही वाटा मागण्याचा आवाज उठू नये, यासाठी विटाळ उपयोगी पडला, असे आमचे मत आहे.

साहेबांनी आणि सरकारी नोकरांनी काय लिहिले

इंग्रजी अमल बसला आणि आपला जिल्हा जणू अभ्यासाचे शेत झाला. थॉमस कोट्स या डॉक्टराने पुण्याजवळच्या लोणी गावाचे वर्णन लिहिले, ते १८२३ साली मुंबईच्या साहित्य संस्थेच्या ग्रंथात छापले गेले. हे लोणी म्हणजे नगर रस्त्यावरचे लोणीकंद. सव्वाशे वर्षांनी गो. स. घुर्ये यांनी त्याच गावावर पुन्हा पुस्तक लिहिले, १९६० साली. एका गावाची दोन चित्रे, मध्ये सव्वाशे वर्षे. दोन्ही शेजारी ठेवून वेशीबाहेरच्या घरांचे काय झाले एवढेच जरी शोधले तरी प्रबंध होईल.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी १९१७ साली पिंपळे सौदागरवर 'दख्खनच्या खेड्यातली जमीन आणि श्रम' हा अभ्यास प्रसिद्ध केला. १९२१ चा दुसरा अभ्यास, कानिटकर यांच्यासह, जातेगाव बुद्रुकवर, म्हणजे आपल्याच शिरूर तालुक्यातले गाव. जमीन किती, तुकडे किती, कर्ज किती, घराचा खर्च किती, हे घरोघर जाऊन नोंदवलेले आहे. मान यांनी पुण्यातल्या अस्पृश्य वस्तीवर १९१२ साली आणि दख्खनच्या एका खेड्यातल्या महारांवर १९१६ साली स्वतंत्र लेख लिहिले. डॅनियल थॉर्नर यांनी १९६७ साली काढलेल्या संग्रहात ते पुन्हा वाचायला मिळतात. पिंपळे सौदागरला आज उंच इमारती आहेत. त्या जमिनीवर १९१७ साली कोण राबत होते याची नोंद मान यांच्या पानांत आहे.

त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गाव-गाडा' १९१५ चा. गावातल्या शब्दांचा एवढा साठा दुसरीकडे नाही, म्हणून तो वाचलाच पाहिजे. पण आत्रे महसूल खात्यातले होते आणि त्यांची सहानुभूती कुणब्याकडे आहे. बलुतेदार हा कुणब्याच्या डोक्यावरचा बोजा, असा त्यांचा सूर. कुणबी नागवला गेला हे खरेच. पण पेंढी देणाऱ्याच्या बाजूने लिहिलेला हिशेब हा अर्धा हिशेब असतो.

१८८५ चे पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर तीन भागांत आहे. लोक, शेती, सावकारी, इतिहास, जमीन महसूल आणि गावांची माहिती, हे सगळे त्यांत आहे. दौंड तालुका शोधाल तर सापडणार नाही, कारण तेव्हा त्याचे नाव भीमथडी. जुन्या कागदांत पाटस भीमथडीखाली शोधायचे, ही छोटी गोष्ट माहीत नसल्याने आमचे स्वतःचे कित्येक दिवस वाया गेले आहेत.

कर्डे गावचा बहिष्कार

याच भीमथडीत, सुपे गावी, १२ मे १८७५ रोजी दख्खनच्या दंग्यांना तोंड फुटले. शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. पण त्याची पहिली ठिणगी शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावी, डिसेंबर १८७४ मध्ये पडली होती. एका देशमुखाचे घर मारवाडी सावकाराने हुकूमनाम्यात घेतले आणि गावाने सावकारांना वाळीत टाकले. त्यांचे शेत कोणी करीना, पाणी कोणी भरीना, हजामत कोणी करीना. दंग्यांच्या चौकशी आयोगाच्या अहवालात हे सगळे आले आहे.

इतिहासाच्या पुस्तकांत कर्डे गावची कथा शेतकऱ्याच्या एकजुटीची म्हणून येते. ती तशी आहेच. आम्ही तिच्यात आणखी एक गोष्ट वाचतो. शस्त्र कोणते होते? गावाने सेवा थांबवल्या. सेवा अख्ख्या गावाच्या मालकीच्या होत्या म्हणूनच गावाला त्या एका दिवसात थांबवता आल्या. फुकाझावांनी पेशवेकालीन कागदांतून जे काढले, ते इथे डोळ्यांनी दिसते.

१८७४ साली हे शस्त्र सावकारावर चालले. पन्नास वर्षांनी, महाडनंतर, ते कोणावर चालले? मुंबई सरकारने १९२८ साली अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची पाहणी करायला स्टार्ट समिती नेमली, बाबासाहेब तिचे सभासद होते. १९३० च्या अहवालात बहिष्काराबद्दल स्पष्ट लिहिले आहे. अस्पृश्यांपैकी कोणी स्पृश्यांच्या जमिनी करतो, कोणी त्यांच्या शेतावर मजुरी करतो, उरलेले गावचाकरीच्या बदल्यात मिळणाऱ्या भाकरीवर आणि धान्यावर जगतात. हक्क मागितला की हे सगळे एकदम बंद होते. दुकानदार मीठ देत नाही, रस्ता बंद होतो. त्या काळात तळ्याचे पाणी पिणाऱ्यावर जो बहिष्कार पडत होता त्याची यंत्रणा नवी नव्हती. ती बलुत्यातच होती. बलुते चालू ठेवणारा हात आणि बंद करणारा हात एकच.

हिशेब मागणारे विधेयक

या हाताला पहिल्यांदा कायद्याने धरले ते बाबासाहेबांनी. त्याआधीही आपल्या जिल्ह्यातून आवाज उठला होता. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०३ साली सासवडला ५१ गावच्या महारांची सभा घेतली होती. १९२७ साली 'बहिष्कृत भारत' मध्ये बाबासाहेबांनी महार वतनावर लिहिले आणि १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले.

त्यातला विचार नीट पाहा. महार सरकारचे काम करतो, सारा पोहोचवतो, टपाल नेतो, अधिकाऱ्याच्या दिमतीला राहतो. रात्री-अपरात्री बोलावणे येते आणि घरचा कर्ता नसेल तर दुसऱ्याला जावे लागते. मोबदला काय? पिढ्यानपिढ्या भाऊकीत तुकडे पडत गेलेली थोडी जमीन, तिच्यावर पुन्हा जुडी, आणि रयतेच्या मर्जीवरचे बलुते. काम सरकारचे, पगार गावाच्या मर्जीवर. म्हणून विधेयक सांगत होते की बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर करा आणि ती रक्कम सरकारने वसूल करून द्यावी. ज्याला चाकरी नको त्याला पूर्ण सारा भरून जमीन ठेवू द्या आणि मोकळा करा.

म्हणजे बाबासाहेबांनी मालक बदलायला सांगितला. सरकारशी करार असला तर हिशेब मागता येतो, गावाशी असलेल्या रूढीकडे मागता येत नाही. विरोध झाला, निवड समितीत विधेयकाचा जीव गेला आणि १९२९ साली ते मागे घ्यावे लागले. डिसेंबर १९३९ मध्ये हरेगावच्या वतनदार परिषदेत हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा कायदा आला १९५८ साली आणि अमलात आला १ ऑगस्ट १९५९ रोजी. तोवर आपण धम्म स्वीकारून, मेलेले ढोर टाकून, येसकराची काठी खाली ठेवून, कायद्याच्या आधीच निम्मे वतन सोडले होते.

तहसील कचेरीतला इतिहास

कायद्याने वतनाची जमीन आधी सरकारजमा झाली आणि मग ठरावीक रक्कम भरून मूळ धारकाला नव्या शर्तीने परत मिळाली. यालाच आपली माणसे 'रिग्रँट' म्हणतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही. मुदतीत रक्कम भरली नाही तर स्वतःच्याच जमिनीवर अनधिकृत ठरण्याची पाळी. किती घरांना ही नोटीस वाचून दाखवणारा माणूस होता? आज महामार्गाच्या आणि औद्योगिक वसाहतींच्या कडेला ज्या जमिनींना सोन्याचा भाव आला, त्यांतल्या हाडोळ्याच्या किती होत्या आणि कोणाच्या नावावर गेल्या, हे शोधणे म्हणजे आर्थिक मानवशास्त्रच.

त्याचे साहित्य विद्यापीठात नाही, तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात आहे. आकारबंद, जुने सातबारे, गाव नमुना सहामधले फेरफार, दुमाला जमिनींची नोंदवही म्हणजे गाव नमुना तीन. गट नंबर पडण्याआधीचे सर्व्हे नंबर लिहून घ्या. 'महार वतन', 'इनाम वर्ग ६-ब' असे शेरे शोधा. नकलेचा अर्ज करा, टाळाटाळ झाली तर माहितीचा अधिकार आहे. एका गावाचे १९५० पासूनचे फेरफार क्रमाने लावले की जमीन कोणत्या वर्षी, कोणत्या कारणाने हलली ते दिसू लागते.

ज्याचा कागद नाही

एवढे सगळे कागद वाचूनही एक माणूस सापडत नाही, ती म्हणजे आजी. वतनाच्या नोंदीत पुरुषाचे नाव. चावडी झाडणारी, सरपण वाहणारी, पाळीच्या दिवशी दारोदार भाकरी मागायला जाणारी बाई कोणत्याच रकान्यात नाही. गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर यांनी गोळा केलेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांत तिचा आवाज थोडा राहिला आहे, बाबासाहेबांवरच्या ओव्याही त्यांत आहेत. बाकीचा तिच्या आठवणीत आहे.

आणि इथे वेळ थोडा आहे. १९५६ साली जी मुलगी पंधरा वर्षांची होती ती आज ऐंशीच्या पुढे आहे. वर्षाला किती पेंढ्या मिळत, कोणत्या घरून मिळत नसत, पाळी भाऊकीत कशी फिरे, शिळे किती आणि ताजे किती, बलुते सोडले त्या वर्षी चूल कशी पेटली, हे सांगू शकणारी ही शेवटची पिढी. हे प्रश्न विचारा, फोनवर आवाज नोंदवा, तारीख आणि गाव लिहून ठेवा. नाव छापायचे की नाही ते तिला विचारा.

काही कार्यकर्ते म्हणतात, जे टाकले ते कशाला उकरायचे, लाज वाटते. लाज वाटायची असेल तर पेंढी टाकणाऱ्याला वाटावी. दुसरीकडे, बलुते म्हणजे गावाचे सुंदर सहजीवन होते, असे सांगणारे लेख आणि भाषणे पुन्हा वाढत आहेत. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याच्या या गौरवाला उत्तर दिले होते. आपण पुरावा गोळा केला नाही तर पुढच्या पिढीकडे त्यांचे ते एक भाषण राहील आणि समोर शंभर पुस्तके असतील.

पाटसला साखर कारखाना आहे. हंगामात उचल घेतलेली ऊसतोड कुटुंबे येतात, पालात राहतात. त्यांचा मालक कोण असे विचारले तर कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम कारखान्याकडे, शेतकरी दोघांकडे. हिशेब मागायला एक दार नसणे, ही गोष्ट आपल्या आज्याला चांगली माहीत होती. त्या पालात जाऊन बसणे हाही याच अभ्यासाचा भाग आहे.

त्या मुलाला आम्ही एवढेच सांगितले की पेंढी भेट नव्हती, कारण देणाऱ्याला परतफेड आधीच मिळालेली होती. पगारही नव्हती, कारण मागता येत नव्हती आणि सोडता येत नव्हती. तिला काय म्हणायचे ते नाव त्याने शोधायचे आहे. विषय बदलायचा नाही. पुढच्या रविवारी तो आजीकडे जाणार आहे, आणि सोमवारी दौंडला तहसील कचेरीत. ज्यांना सोबत जायचे आहे त्यांनी वही घेऊन यावे.

जय भीम!